चुंबक, वीज आणि विषाद

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. भिलाईस पावसाची झड लागली म्हणजे कचेरी सुटल्यावरही मंडळी लगेच बाहेर पडत नाहीत. दिवे लावून फायली पुन्हा चाळीत बसतात. अशाच एका संध्याकाळी कचेरीतील एक वडीलधारे सहकारी आमच्या मेजाशी येऊन बसले. त्यांना आम्ही येथे अण्णा म्हणू. ते मूळचे सातारा भागातले. बदल्यांच्या फेऱ्यात चार प्रांत पाहून येथे आलेले. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, "तुम्ही वाचणारे गृहस्थ, म्हणून विचारतो. डोक्याला चुंबक लावून उपचार करतात म्हणे. म्हणजे शेवटी शॉकच ना?"

वर्षभर अण्णांचे कशात लक्ष नव्हते, हे आम्ही पाहत होतो. पहाटे तीनला जाग, जेवणावरची वासना उडालेली, दोन ओळींच्या टिपणीवर अर्धा अर्धा तास अडून बसणे. हे सारे आम्ही 'बदलीचा कंटाळा' या सदरात टाकून मोकळे झालो होतो. डॉक्टरांनी नैराश्यविकाराचे निदान केले होते. एक औषध झाले, दुसरे झाले. गुण थोडा आला आणि तेथेच थांबला. तेव्हा डॉक्टरांनी, औषध चालू ठेवून त्याच्या जोडीला मेंदूच्या चुंबकीय उत्तेजनाचा उपचार सुचविला. घरी वहिनींनी 'मेंदू' आणि 'यंत्र' हे दोनच शब्द ऐकले आणि त्या रडू लागल्या. अण्णांच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे दोन-तीन महिने जे वाचले, त्यातील काही येथे वाचकांपुढे ठेवतो. आम्ही वैद्य नव्हे. इतिहास घेऊन पदवीधर झालो आणि केंद्र सरकारच्या चाकरीत लागलो, एवढीच आमची विद्या. तेव्हा सांगणार आहोत तो इतिहास. सल्ला ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावा.

मराठी माणसाची पहिली अडचण शब्दापाशीच येते. 'उदास' हा शब्द आपल्या संतवाङ्मयात दोष म्हणून येत नाही. संसाराची ओढ सुटलेला, मानापमान सारखा मानणारा पुरुष तो उदास. ही तर मिळवायची पदवी. बालपणापासून हरिपाठ आणि मनाचे श्लोक कानांवर पडलेल्या घरांत, माणूस एकाएकी सर्वांतून मन काढून घेऊ लागला, तर पहिल्या महिन्यात त्याचे कौतुकच होण्याचा संभव अधिक. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा खरा. परंतु तो विषाद पुढील सतरा अध्यायांच्या उपदेशाने ओसरतो. ज्याचा विषाद उपदेशाने ओसरत नाही, त्याला काय म्हणावे हे आपल्या भाषेने फार उशिरा ठरविले. 'नैराश्य' म्हटले तरी ऐकणाऱ्याला परीक्षेत नापास झालेला मुलगा आठवतो. आजार आठवत नाही.

या प्रांतापुरते बोलावयाचे, तर दुसरी अडचण भिंतींची होती. छत्तीसगडात मराठी अंमलदारांचे येणे काही पोलाद कारखान्यापासूनचे नाही. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून कारभार केला. त्यामागून सुभेदारांचा काळ आला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, त्याची राजधानी नागपूर. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९०६ मध्ये झाला. तोपर्यंत आणि त्यानंतरही, थेट १९५६ पर्यंत, या भागाची वरची कचेरी नागपुरासच होती. त्याच नागपुरात १८६४ मध्ये वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले; दोन वर्षांनी जबलपुरास दुसरे. त्या काळचा कायदा १८५८ चा, आणि त्याचा रोख माणसाला बरे करण्यापेक्षा त्याला ताब्यात कसे घ्यावे याकडे अधिक. जो आरडाओरडा करी, मारहाण करी, तो आत जाई. जो नुसता भिंतीकडे पाहून बसे, त्याच्यासाठी इस्पितळही नव्हते आणि औषधही नव्हते. अण्णांसारखा मनुष्य त्या काळी नोकरीतून निघून गावी जाऊन पडवीत बसला असता, आणि घराण्याच्या कैफियतीत त्याच्याविषयी एक ओळही आली नसती.

वहिनींच्या मनात जो शॉक होता, त्याचा आपल्या देशातील इतिहास पाहण्यासाठी पूर्वेकडे रांचीला गेले पाहिजे. तेथे १७ मे १९१८ रोजी गोऱ्या रुग्णांसाठी एक वेड्यांचे इस्पितळ उघडण्यात आले. आज तेच केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था या नावाने चालते. रुग्णास मुद्दाम आकडी आणली असता काही मनोविकार हटतात, ही कल्पना हंगेरीतील मेदुना या वैद्याने १९३४ मध्ये प्रयोगात आणली. प्रथम कापूर, पुढे कार्डियाझोल नावाचे औषध टोचून तो आकडी आणीत असे. १९३८ च्या एप्रिलमध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हेच काम विजेच्या प्रवाहाने केले. रांचीस कार्डियाझोलचा उपयोग १९३८ मध्ये आणि विजेचा १९४३ मध्ये सुरू झाला. म्हणजे महायुद्धाच्या धामधुमीतही ही विद्या पाच वर्षांत रोमहून छोटा नागपुरात पोचली. त्या काळी भूल न देता हा उपचार होई. रुग्णाचे अंग आकडीने असे उसळे की कधी कधी हाडही मोडे. लोकांच्या मनात जे चित्र बसले ते हे, आणि पुढे चित्रपटांनी ते पुसू दिले नाही.

येथे एका उपचारावरील किटाळ दूर करणे आम्हांस अगत्याचे वाटते. विजेचा तो उपचार आज भूल देऊन व स्नायू सैल करणारे औषध देऊन करतात, आणि तसे न करता तो करण्यास आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाईच केली आहे. अत्यंत तीव्र नैराश्यात, जेथे रुग्ण अन्नपाणी सोडतो किंवा जिवावर उदार होतो, तेथे त्याच्या इतका गुणकारी उपाय अजून दुसरा नाही, असेच जाणते वैद्य सांगतात. स्मृतीवर होणारा परिणाम हा त्याचा खरा दोष, आणि त्यावाचून काम भागेल काय, हा शोध अनेक वर्षे चालू होता. चुंबकाचा प्रवेश या ठिकाणी होतो.

परंतु चुंबकाची पूर्वपीठिका चांगली नाही. ज्या वस्तूने एकदा जगाला फसविले, तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवण्यास जग सहजासहजी तयार होत नाही. म्हणून ती हकिगत थोडी विस्ताराने सांगतो. व्हिएन्ना येथील फ्रान्त्स मेस्मर या वैद्याने १७७४ च्या सुमारास रुग्णांच्या अंगावर पोलादी चुंबक ठेवून उपचार आरंभिले. थोड्याच दिवसांत त्याला साक्षात्कार झाला की पोलादाची गरजच नाही. चुंबकत्व आपल्या हातांतच आहे! पुढे तो पॅरिसला गेला. तेथे सरदार-दरकदारांच्या स्त्रिया त्याच्या चुंबकित टबाभोवती बसून मूर्च्छा जाऊ लागल्या आणि बऱ्याही होऊ लागल्या. प्रकरण वाढले तेव्हा सोळाव्या लुईने १७८४ मध्ये चौकशी-समिती नेमली. तिचे सभासद पाहिले तर आजही आदर वाटतो: विजेचा अभ्यासक बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्राचा जनक लाव्हाझिए, आणि ज्याचे नाव पुढे वधयंत्राला चिकटले तो डॉक्टर गियोतँ.

फ्रँकलिन तेव्हा वृद्ध आणि आजारी होता, म्हणून काही प्रयोग त्याच्या पासी येथील घरी झाले. मेस्मरच्या शिष्याने बागेतील एक जर्दाळूचे झाड 'चुंबकित' केले. मग बारा वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडे नेण्यात आले. चौथ्या झाडापाशी मुलगा मूर्च्छित पडला. चुंबकित झाड ते नव्हतेच. ते त्याच्यापासून बरेच पावले दूर होते. समितीने निर्णय दिला की चुंबकीय द्रव्य असे काही अस्तित्वात नाही. जे घडते ते कल्पनेच्या बळाने घडते. आमच्या मते वैद्यकाच्या इतिहासात या जर्दाळूच्या झाडाला फार मोठा मान मिळाला पाहिजे. रोग्याला खरे कोणते आणि लटके कोणते हे कळू न देता उपाय पारखावयाचा, ही रीत त्या बागेत रुजली. मेस्मरची विद्या मात्र त्यानंतरही मेली नाही. आपल्याकडे हुगळीस जेम्स एस्डेल या सरकारी डॉक्टराने १८४५ पासून रुग्णांस मोहनिद्रा आणून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, आणि १८४६ मध्ये कलकत्त्यास त्यासाठी स्वतंत्र रुग्णालयही निघाले. पण ती चुंबकाची करणी नव्हे, आणि मनाचे बळ हा आपला आजचा विषय नव्हे.

खऱ्या चुंबकाची कथा १८३१ पासून सुरू होते. त्या वर्षी मायकेल फॅरेडेने दाखविले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे असले तर त्यात आपोआप वीज वाहते. 'बदलत्या' या शब्दावर वाचकांनी लक्ष ठेवावे. आमच्या या गावी कारखान्यात भंगार उचलणारे विद्युतचुंबक असतात. प्रवाह सोडला की क्विंटलच्या क्विंटल लोखंड चिकटते, प्रवाह तोडला की खाली कोसळते. अण्णांनी प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तोच चुंबक होता, हे त्यांनी नंतर कबूल केले. पण चुंबक कितीही जबर असला, तरी जोवर तो स्थिर आहे तोवर मेंदूतील पेशींना तो चाळवीत नाही. एम. आर. आय. च्या बोगद्यात माणसे अर्धा-अर्धा तास जबरदस्त चुंबकाच्या पोटात पडून राहतात, आणि कोणाचा हात त्यामुळे उडत नाही. हात उडवावयाचा तर क्षेत्र क्षणार्धात उभे राहून क्षणार्धात नाहीसे झाले पाहिजे. तेव्हा फॅरेडेच्या नियमानुसार कवटीच्या आत, तारेवाचून, वीज जागी होते. कवटीचे हाड विजेला अडविते. चुंबकीय क्षेत्राला ते अडवीत नाही. साऱ्या उपचाराचे मर्म एवढेच.

तत्त्व १८३१ मध्ये कळले, आणि माणसाच्या मेंदूवर त्याचा निर्विवाद प्रयोग झाला तो १९८५ मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत हुशार माणसे त्या दारापर्यंत जाऊन परतली. इटलीत आल्दिनीने, म्हणजे गॅल्व्हानीच्या भाच्याने, १८०१ मध्ये बोलोन्या येथे लांझारिनी नावाच्या एका विषण्ण शेतकऱ्याच्या डोक्यावर बॅटरीचा प्रवाह लावून पाहिला होता. पण ती सरळ वीज होती. फ्रान्समध्ये द'आर्सोंव्हाल याने १८९६ मध्ये माणसाचे डोके भल्या थोरल्या वेटोळ्यात घातले, तेव्हा त्या माणसाला ठिणग्यांसारखा उजेड दिसला व घेरी आली. १९०२ मध्ये व्हिएन्नातच, जेथे फ्रॉइड त्या वेळी आपल्या कोचाशेजारी बसून रुग्णांची स्वप्ने ऐकत होता, पोलासेक आणि बेअर या दोघांनी विषण्णता व मज्जाविकार यांवर डोक्याला विद्युतचुंबक लावण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्राने काय साधले असेल याची शंकाच आहे. पण कल्पना तीच, ऐंशी वर्षे आधी सुचलेली. १९१० मध्ये लंडनच्या सिल्व्हानस टॉम्सनने उजेडाचा तो अनुभव पुन्हा तपासला. ते सारे चमकणे मेंदूचे नसून डोळ्याच्या पडद्याचे होते, असे मागाहून ठरले. विजेचा साठा करून तो एका मिलिसेकंदाच्याही आत सोडणारी सामग्री त्या लोकांपाशी नव्हती. कल्पना तयार होती, कंडेन्सर तयार नव्हता.

इंग्लंडातील शेफील्ड हे आमच्या भिलाईसारखेच पोलादाचे गाव. चाकू-कात्र्यांसाठी त्याचे नाव आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. तेथील अँथनी बार्कर हा वैद्य नव्हे. रुग्णालयातील यंत्रसामग्री सांभाळणारा पदार्थविज्ञानाचा माणूस. त्याने जालिनूस आणि फ्रीस्टन या सहकाऱ्यांसह एक यंत्र बनविले. हातरुंदीच्या वेटोळ्यात हजारो अँपिअरचा प्रवाह निमिषमात्र सोडायचा. ते वेटोळे डोक्यावर, मेंदूतील हालचालीच्या पट्ट्यावर धरले, आणि समोर बसलेल्या जाग्या माणसाच्या हाताची बोटे उडाली. वेदना नाही, भूल नाही. पाच वर्षांपूर्वी, १९८० मध्ये, मर्टन आणि मॉर्टन यांनी हीच करामत कातडीवरून वीज सोडून केली होती, पण ती फार दुखे. बार्करचे निवेदन १९८५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापले गेले, तेही जेमतेम पानाभराचे. त्यात नैराश्याचा उल्लेख नव्हता. मेंदूपासून हातापर्यंतची वाट शाबूत आहे की नाही हे पाहण्याचे ते साधन होते, आणि त्या कामासाठी मज्जातज्ज्ञ ते आजही वापरतात.

नैराश्याकडे ते वळले ते १९९० नंतर. विषण्ण रुग्णांच्या मेंदूच्या छायाचित्रांत डाव्या कपाळामागील भाग मंद दिसतो, असे तोवर दिसून आले होते. मग तो भाग चुंबकाच्या ठोक्यांनी रोज थोडा जागवावा काय? १९९३ मध्ये जर्मनीतील बॉन येथे केवळ दोन रुग्णांवर पहिला प्रयत्न झाला आणि फारसे हाती लागले नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मार्क जॉर्ज यांनी सहा रुग्णांवर तो डाव्या कपाळाच्या बाजूने केला. त्यांपैकी दोघे चांगलेच सुधारले. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये पास्क्वाल-लिओने यांनी औषधांना दाद न देणारे सतरा रुग्ण घेतले, आणि अकरांना गुण आला. मेस्मर असता तर त्याने या बळावर पॅरिसमध्ये पुन्हा दुकान थाटले असते. या लोकांनी मात्र जर्दाळूच्या झाडाची परीक्षा पुन्हा आपल्यावर ओढवून घेतली. लटकी वेटोळी तयार केली. ती तशीच दिसत, तसाच आवाज करीत, आणि मेंदूपर्यंत काही जात नसे. रुग्णास कळू न देता निम्म्यांना खरे व निम्म्यांना लटके द्यावयाचे आणि मग मोजावयाचे.

मोजल्यावर जे दिसले ते डोळे दिपविणारे नव्हते. अमेरिकेतील ३०१ रुग्णांचा मोठा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी खऱ्या वेटोळ्याखाली शेकडा २४ जणांना निम्म्याहून अधिक उतार पडला होता, लटक्याखाली शेकडा १२ जणांना. मुख्य म्हणून ठरविलेल्या मोजपट्टीवर तर निकाल थोडक्यात हुकला, आणि तज्ज्ञांच्या समितीत बरीच कुरबुर झाली. तरीही ऑक्टोबर २००८ मध्ये तेथील औषध-प्रशासनाने यंत्रास मान्यता दिली. आम्ही कारकून मंडळी. शेकडेवारीचा तक्ता पाहिला की प्रथम बेरीज तपासतो. हा तक्ता आम्हांला प्रामाणिक वाटला. लटक्या वेटोळ्याखालीही शंभरांत बारा माणसे सुधारतात, हे तो लपवीत नाही. आणि खऱ्याखाली सुधारणाऱ्यांची संख्या त्याच्या दुप्पट होते, हेही तो सांगतो.

त्या अमेरिकन प्रयोगात रुग्णांची औषधे बंद केली होती. चुंबक एकट्याने किती ओढतो हे पाहावयाचे, तर ते योग्यच. पण आपल्या देशात कोणत्या डॉक्टराने बरे चाललेले औषध बंद करून असा प्रयोग मांडावा? रांचीच्या त्याच संस्थेत, जेथे १९४३ मध्ये वीज आली होती, डॉ. एस. हक निझामी यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: औषध चालू आहे ते चालू द्या, त्याच्या जोडीला चुंबक दिला तर अधिक गुण येतो काय? काही रुग्णांना खरे वेटोळे, काहींना लटके. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात खऱ्या वेटोळ्याखालील रुग्ण अधिक सुधारले. प्रयोग लहान होता, तरी प्रश्न आपल्या संसाराला साजेसा होता. चुंबक हा धनी होऊन आला नाही. तो मदतनीस होऊन आला.

मदतनिसाची गरज का पडते, हे अमेरिकेतील एका पाहणीवरून ध्यानी येते. २००६ मध्ये पुरी झालेल्या त्या पाहणीत सुमारे चार हजार रुग्ण होते. पहिल्या औषधाने पुरते बरे झाले ते जवळजवळ एक तृतीयांश, आणि दोन औषधे फसल्यावर तिसऱ्याने बरे होणारे शेकडा पंधराही नव्हते. अण्णा नेमके या तिसऱ्या पायरीवर उभे होते. अशा रुग्णांत औषध बदलणे बरे की आहे त्या औषधाला चुंबकाची जोड देणे बरे, याची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २७८ रुग्णांवर झाली. चुंबकाची जोड सरस ठरली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२३ मध्ये या उपचाराची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली आहेत.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो हे अनेकांना जाणून घ्यावेसे वाटेल. रुग्ण खुर्चीत जागा बसतो. प्रथम हाताचा अंगठा किती जोराच्या ठोक्याने उडतो हे पाहून त्याची मात्रा ठरवितात. प्रत्येकाची मात्रा निराळी. मग वेटोळे डाव्या कपाळाच्या वरच्या अंगाला टेकवितात. सेकंदास दहा ठोके चार सेकंद, मग सव्वीस सेकंद विसावा, असे सदतीस मिनिटे. एका बैठकीत तीन हजार ठोके. चुंबकाचा परिणाम दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच पोचतो. कवटीवर सुतारपक्ष्याने चोच मारावी तसा आवाज येतो, म्हणून कानांत बोळे घालतात. थोडे डोके दुखते. आकडी येण्याचा धोका आहे, पण हजारांत एकाहूनही कमी. डोक्यात धातूची चीप वा कानात बसविलेले यंत्र असलेल्यांना हा उपचार वर्ज्य. आठवड्यास पाच बैठका आणि चार ते सहा आठवडे, असा क्रम. २०१८ मध्ये कॅनडात ४१४ रुग्णांवर दाखविण्यात आले की, ठोक्यांची लय बदलली तर तीन मिनिटांची बैठकही सदतीस मिनिटांच्या बैठकीइतकीच फळते. त्यामुळे यंत्रापुढील रांग लवकर सरकते; रुग्णाला रोज यावे मात्र लागतेच.

येथेच अण्णांसारख्यांचा खरा प्रश्न उभा राहतो. गोळी टपालाने येते, बदलीबरोबर जाते. चुंबक येत नाही. माणसाने त्याच्याकडे जावयाचे, तेही रोज. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बारा राज्यांपैकी छत्तीसगड एक होते. वीस माणसांत एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्याने गाठलेले असते, आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोचत नाही, असे त्या पाहणीने सांगितले. ही उणीव यंत्रांनी भरून येईल असे आम्हांस वाटत नाही. पहिली साधी गोळीही जेथे पोचलेली नाही, तेथे चुंबकाची गोष्ट फार पुढची आहे. शिवाय बाजारात मेस्मरचे वंशज अजून आहेतच. चुंबकी पट्टे, चुंबकी गाद्या, चुंबकी पाण्याचे पेले, सर्व काही मिळते. ते स्थिर चुंबक होत. त्यांचा या उपचाराशी संबंध नावापुरता.

आम्ही हे सर्व अण्णांना आठवड्याला थोडे थोडे सांगत गेलो. जर्दाळूच्या झाडाची गोष्ट त्यांना फार आवडली. कित्येक महिन्यांत ते प्रथमच हसले. मग एके दिवशी म्हणाले, "ठीक आहे. पण मी नागपूरला जाईन. धाकटी बहीण तेथे आहे." आम्ही विचारले, नागपूरच का? त्यावर ते म्हणाले, "अहो, हिंदीत मला काम सांगता येते. हे सांगता येत नाही."

दुर्गाहून नागपूर रेल्वेने अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक. तीस बैठका म्हणजे सहा आठवडे; बेचाळीस दिवसांची परिवर्तित रजा घ्यावयाची तर अर्धपगारी रजेतून चौऱ्याऐंशी दिवस वजा पडतात. रजा शिल्लक होती. अडले ते वैद्यकीय प्रमाणपत्रावर. नमुन्यात 'अमुक आजाराने पीडित आहेत' असा एक रकाना असतो, आणि डॉक्टरांनी त्यात आजाराचे खरे नाव लिहिले होते. अण्णा तो कागद घेऊन दोन दिवस फिरले. पाठीचे दुखणे लिहून मिळेल काय, असे त्यांनी आम्हांस हळूच विचारले. पूर्वीच्या एका ठाण्यावर अशाच कागदाची वार्ता जेवणाच्या सुट्टीत टेबलोटेबली फिरलेली त्यांनी पाहिली होती. ते ठाणे कोणते, हे सांगण्याची गरज नाही. आम्ही त्यांना २०१७ च्या कायद्यातील गुप्ततेचे तेविसावे कलम दाखविले. कलम वाचून त्यांचे समाधान झाले असे म्हणवत नाही. पण आमच्या हातून तो कागद एका बंद पाकिटात घालून पुढे गेला, आणि आमच्या माहितीप्रमाणे तो तसाच बंद राहिला. वहिनींनी यंत्र पाहिल्याशिवाय परवानगी देणार नाही म्हणून सांगितले होते. त्या सोबत गेल्या. पहिल्या दिवशी खुर्चीशेजारी बसल्या आणि दुसऱ्या दिवशी वाट पाहण्याच्या खोलीत विणकाम घेऊन बसल्या.

दिवाळीनंतर गेलेले अण्णा संक्रांतीच्या आत परत आले. एका माणसाच्या गुणावरून उपचाराची किंमत करू नये, हे आम्ही वर इतके सांगून आता विसरणार नाही. बहिणीच्या हातचे जेवण आणि सहा आठवडे कानांवर पडलेली आपली भाषा यांचा वाटा कोणत्याही लटक्या वेटोळ्याने मोजता यायचा नाही. सोळा आणे बरे वाटते काय, असे आम्ही विचारले. "बारा आणे," ते म्हणाले. उरलेल्या चार आण्यांसाठी गोळी चालू आहे. पूर्वी ती ते जिन्यात जाऊन घेत. हल्ली डबा उघडला की पोळीच्या शेजारी काढून ठेवतात, आणि पाण्याचा पेला आमच्याकडून मागून घेतात.